अंगठ्याखालची नाडी

काकूंची नाडी बघायची झाली की काका आधी हात पुसायचे. घामट हाताने घड्याळाला शिवायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम, आणि धंदा बंद होऊन सहा वर्षं झाली तरी हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं. हात पुसून झाले की ते पलंगाच्या कडेला बसायचे, काकूंचं मनगट डाव्या तळव्यावर घ्यायचे, उजवा अंगठा त्यावर अलगद टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मग घरात कुणी बोलायचं नाही. कुणी म्हणजे काकूच, कारण घरात तिसरं माणूस नव्हतं.

"आहे का मी अजून?" काकू विचारायच्या.

"गप्प बस गं. मोजणं चुकतं."

काकांनी पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली. जिन्याखालचं दुकान, एवढं अरुंद की गिऱ्हाईक शिंकलं तर टेबलावरचे काटे उडायचे. त्यांना दोन खोडी होत्या. पहिली अशी, की घड्याळ हातात आलं की ते लगेच उघडायचे नाहीत. त्याची पाठ अंगठ्याखाली धरायचे आणि टिकटिक अंगठ्यानेच ऐकायचे. "ह्याचं तेल सुकलंय," "ह्याच्या चाकाचा दात झिजलाय," असं झाकण न काढता सांगायचे, आणि झाकण काढल्यावर बहुतेक वेळा तेच निघायचं. झोकदार सही येत असूनही बाजारात लोक त्यांना अंगठेबहाद्दर म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, काकांना ते आवडायचं.

दुसरी खोड तीन दिवसांची. दुरुस्त झालेलं घड्याळ ते तीन दिवस स्वतःच्या मनगटावर वागवल्याशिवाय परत द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक हातापाया पडो की डोक्यावर बसो. "चालतंय ना? मग द्या की," असं कुणी म्हटलं की काका म्हणायचे, "आत्ता चालतंय. तीन दिवसांनी बोलू." त्यांचं स्वतःचं घड्याळ मात्र कधीच नव्हतं. कायम दुसऱ्याचं घातलेलं असायचं, मग आपलं कशाला, असा त्यांचा हिशेब.

आता हा एवढा ठाम माणूस भित्रा कसा झाला, ते सांगतो. समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर राहायचे. एक दिवस जेवले, बायकोशी चार शब्द बोलले, झोपले, ते सकाळी उठलेच नाहीत. बायको शेजारीच झोपलेली. सकाळी तिने चहा ठेवला, दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा रागावून हाक मारली. ती रागावलेली हाक काकांनी खिडकीतून ऐकली होती. मास्तरांना न्यायच्या वेळी ती बाई कुणाकुणाला एवढंच सांगत होती, की मी शेजारीच होते हो, मला कळलंच नाही.

त्या दिवसापासून ती तिसरी हाक काकांच्या कानातून गेली नाही. आपल्याला कळेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. साऱ्या बाजाराच्या घड्याळांचं आपल्याला कळलं, तर हिचं कळणार नाही? दुसऱ्या दिवसापासून सकाळी आणि दुपारी नाडी सुरू झाली. आणि दोन महिन्यांनी, एका दुपारी, त्यांच्या अंगठ्याखाली एक ठोका चुकला.

एक, दोन, तीन, आणि मग काहीच नाही. मग दोन ठोके घाईघाईने, एकमेकांना ढकलत आल्यासारखे. पाचच मिनिटांत काकू टॅक्सीत होत्या, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काकूंना आत नेलं आणि काकांना बाहेर खुर्चीवर बसवलं. पेशंटबरोबरच्या माणसाने आत यायचं नाही, असा तिथला शिरस्ता. दोन तासांनी डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या. हृदयाचा आलेख स्वच्छ होता. "तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत," त्या हसून म्हणाल्या. काकांचा जीव भांड्यात पडला, पण भांडं काही फार दिवस टिकलं नाही.

असं दोन वर्षांत अकरा वेळा झालं. महिना-महिना सगळं सुरळीत चालायचं, आणि मग एखाद्या दुपारी तो ठोका चुकायचा. दर वेळी काकू आत, काका बाहेर, आणि कागद स्वच्छ. सातव्या वेळी डॉक्टरांनी काकूंच्या छातीला तारा चिकटवून एक छोटं यंत्र दिवसभरासाठी घरी दिलं. त्या दिवशी काकांनी दर तासाला नाडी बघितली आणि चार वेळा चूक पकडली, वेळेसकट वहीत लिहून ठेवली. यंत्राने मात्र एकही चूक दाखवली नाही. "यंत्र सपाट जागेवर नसेल," काका म्हणाले. "घड्याळसुद्धा तिरक्या टेबलावर वेडंवाकडं चालतं."

"अहो, मी तिरकी आहे का?" काकू म्हणाल्या.

नवव्या वेळी वाऱ्याच्या झोतात चार तास थांबून काकूंना खरोखरच सर्दी झाली. दहाव्या वेळी दारावरचा वॉचमन त्यांना बघून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, तुमची खुर्ची रिकामीच आहे." अकराव्या वेळी मात्र कुणी हसलं नाही. त्या दिवशी आत गर्दी होती, आणि एक म्हातारा ढकलगाडीवर बाहेरच्या बोळातच पडून होता. तोंडावर प्राणवायूचा मास्क, डोळे छताला. त्याच्या मुलीने वॉचमनला विचारलं, आत जागा कधी होईल? वॉचमनची नजर पडद्याकडे गेली. पडद्यामागे काकू होत्या, ठणठणीत. काकांनी मान खाली घातली.

त्या वेळी मुलगा आला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं. त्या वाईट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की आईंना काही नाही, वडिलांना भीती बसली आहे, त्यांना एकटं ठेवू नका. मुलाने घरी येऊन बहिणीला फोन लावला, आणि दोघांनी मिळून निर्णय घेतला. पोरं म्हातारी झाली की आईबापांना पोरं समजायला लागतात, त्याला इलाज नाही. निर्णय असा: पुन्हा असं विनाकारण हॉस्पिटल झालं तर हे घर बंद. आई मुलीकडे, बाबा मुलाकडे. दोघांना एकत्र ठेवण्याएवढी जागा मुलाकडेही नाही आणि मुलीकडेही नाही. दोन घरांत आठ तासांचं अंतर.

"बाबा, मला धमकी द्यायची नाहीये," मुलगा म्हणाला, "पण मी किती वेळा काम टाकून धावत येऊ?"

तो गेल्यावर काकूंनी कपाट उघडलं, काकांचे कपडे एका फळीवर आणि स्वतःचे दुसऱ्या फळीवर लावले, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि मग सगळे पुन्हा एकत्र करून टाकले.

"आजपासून हात देणार नाही," त्यांनी सांगितलं. "मेले तर मेले. पण त्या आठ तासांच्या अंतरावर जाऊन जगणार नाही. तुम्ही माझी नाडी बघायची नाही, कळलं का?"

काकांनी हो म्हटलं. आणि काकू दुपारच्या डुलकीत असल्या की चोरासारखे बसून बघायला लागले. आता त्यांना दोन भीती झाल्या. एक नेहमीची, आणि दुसरी ही, की ठोका चुकला तरी सांगायचं कुणाला. आधी निदान धावता तरी यायचं. आता ते अंगठा उचलायचे आणि खिडकीशी जाऊन उभे राहायचे. समोर मास्तरांची बायको कपडे वाळत घालायची. पूर्वी दोन माणसांचे असायचे, आता एकाचे, तरी दोरी तेवढीच लांब होती.

पाच आठवडे असे गेले. मग तो दिवस आला.

दुपारचे चार वाजले असतील. काकू खिडकीत बसून शर्टाला बटण लावत होत्या. आयुष्यभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले. आता म्हणे फक्त नवऱ्याची बटणं उरलीत. काका पलंगावरून उठले तेव्हा त्यांना जमीन जरा सरकल्यासारखी वाटली. सकाळपासून त्यांना थकवा होता, पण त्यांनी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. त्यांचं लक्ष काकूंकडे. काकू आज गप्प होत्या, आणि गप्प काकू म्हणजे काहीतरी नक्की बिनसलंय. ते जवळ गेले आणि न विचारता त्यांनी काकूंचं मनगट धरलं.

"अहो, सुई आहे हातात."

काकांनी अंगठा टेकवला. आणि त्यांना जे लागलं ते आजवर कधी लागलं नव्हतं. नुसते चुकलेले ठोके नव्हते. धड ओळच नव्हती. तीन पटापट, मग लांब रिकामी जागा, मग एक बारीक, मग पुन्हा रिकामी जागा. दुकानात असं घड्याळ एकदाच आलं होतं, पाण्यात पडलेलं, आणि ते त्यांच्या हातातच थांबलं होतं.

त्यांना दरदरून घाम फुटला. नाडी बघताना आज आपण हात पुसले नाहीत, एवढंच त्यांना मूर्खासारखं आठवलं.

"मला काही होत नाहीये," काकू म्हणाल्या. "तुमचं तोंड बघा आरशात. खडूसारखं झालंय."

"चप्पल घाल."

"नाही."

"ऐक गं."

"बारावी वेळ आहे. घर बंद होईल. तुम्ही तिकडे, मी इकडे. कळतंय का तुम्हाला?"

काकांना कळत होतं. पाच आठवडे दुसरं काही कळतच नव्हतं. ते खुर्चीवर बसले, कारण पाय थरथरत होते, आणि त्यांना वाटलं ते भीतीने. गेलो तर ताटातूट, नाही गेलो तर ही जाणार. आठ तासांच्या अंतरावर बायको असणं, आणि बायको नसणं. सकाळी हाक मारायची, दुसरी हाक, मग रागावून तिसरी.

"वेगळी राहिलीस तरी चालेल," ते म्हणाले. "फोनवर बोलू. कुठेतरी आहेस, एवढं मला पुरेल. चल, तुझ्या पाया पडतो."

पन्नास वर्षांत गिऱ्हाइकाला नमलेला नव्हता हा माणूस. काकूंनी सुई कापडात खोचली, उठल्या आणि चप्पल घातली. ह्या वेळी दोन्ही पायांत एकाच जोडीची.

वॉचमनने त्यांना बघितलं आणि दार उघडून धरलं. टेबलावर एक वयस्क सिस्टर होती, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली. तिने आधीच्या अकरांपैकी निदान सहा वेळा काकूंना आत घेतलं होतं.

"काका, आज आत एकही खाट नाही," ती म्हणाली. "इथेच बोळात बसा दोघं. हातातलं काम झालं की मी बाहेर येऊनच बघते."

म्हणजे बघा, दोन वर्षांत पहिल्यांदाच काकूंना आत नेलं नाही आणि काका एकटे बाहेर राहिले नाहीत. दोघं शेजारी शेजारी बसले. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. काकांना ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं. त्यांनी काकूंचं मनगट मांडीवर घेतलं, अंगठा टेकवला आणि डोळे मिटले. ठोके अजून तसेच वेडेवाकडे पळत होते. मनातल्या मनात ते म्हणत होते, थांबू नकोस, सिस्टर येईपर्यंत थांबू नकोस.

"काका, हे काय करताय?"

त्यांनी डोळे उघडले. सिस्टर समोर उभी होती.

"नाडी बघतोय. तुम्ही लवकर बघा, आज फार वाईट आहे."

"अशी बघता तुम्ही? अंगठ्याने?"

"पन्नास वर्षं अंगठ्यानेच बघतोय."

"आणि दोन वर्षं ह्यांची पण अंगठ्यानेच?"

"मग कशाने बघायची?"

सिस्टर खाली बसली. तिने काकांचा अंगठा हळूच उचलून बाजूला केला आणि काकूंच्या मनगटावर आपली तीन बोटं ठेवली. अर्धं मिनिट गेलं. "ह्यांची छान आहे," ती म्हणाली. "एकसारखी." मग ती काकांकडे बघायला लागली. त्यांच्या कपाळाकडे, ओठांकडे, शर्टाला पडलेल्या घामाच्या डागाकडे.

"काका, अंगठ्याने नाडी बघत नाहीत. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. अंगठ्यात स्वतःची नाडी लागते, ती समोरच्याची वाटते."

काकांना शब्द ऐकू आले, पण ते कुठे ठेवायचे ते कळेना. सिस्टरने त्यांचं मनगट धरलं. तीन बोटं. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि तिथेच राहिली. हे घड्याळ चार मिनिटं मागे आहे, असं तिला सांगावं, असं काकांच्या मनात आलं. तिचा चेहरा बदलताना त्यांनी बघितला. वॉचमनला तिने नुसती मान हलवून खूण केली आणि तो धावत चाकांची खुर्ची घेऊन आला.

"कुणासाठी?" काकांनी विचारलं.

त्यांनाच खुर्चीत बसवलं. काकू उठून मागे निघाल्या, तर कुणीतरी सवयीने म्हणालं, बरोबरच्या माणसाने बाहेर थांबा. पडदा ओढला गेला. पडद्याच्या खाली काकूंच्या दोन चपला दिसत होत्या, आणि काका त्या चपलांकडे बघत राहिले. आत कशी तरी एक खाट मोकळी झाली होती. शर्ट उघडला, छातीला थंडगार चकत्या चिकटल्या, दंडात सुई गेली. डोक्यापाशी एक यंत्र आवाज करायला लागलं आणि काकांनी तो आवाज लगेच ओळखला. तीन पटापट, मग रिकामी जागा, मग एक बारीक. दोन वर्षं अंगठ्याखाली जपलेला, वहीत वेळेसकट लिहिलेला तोच आवाज.

डॉक्टरीणबाई वाकून बोलत होत्या. हृदय ताल सोडून चालतंय, मध्येच ठीक होतं, मध्येच बिघडतं. बराच काळ चाललेलं दिसतंय. अशात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते. औषध सुरू केलंय. घाबरू नका.

"कधीपासून जाणवतंय तुम्हाला?"

काकांनी मोजलं. अकरा वेळा आपण हृदयाचा रुग्ण घेऊन इथे आलो. अकरा वेळा त्या रुग्णाला बाहेर खुर्चीवर बसवलं आणि धडधाकट बाईला तपासून घरी नेलं. काखेत कळसा, असं काकू म्हणतील. पण त्यांना हसू येईना, कारण त्याच वेळी एक नवीनच भीती त्यांच्या छातीवर येऊन बसली. एवढी दोन वर्षं त्यांनी मागे राहायची तयारी केली होती. भात लावायला शिकले, बटण लावायला शिकले, ती नसताना खिडकीत कसं बसायचं ह्याचा विचारही करून ठेवला होता. ती मागे राहील, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिची तयारी कुणीच केलेली नव्हती.

"तिला आत घ्या," ते म्हणाले. "मला काही सांगायचंय तिला."

"थोड्या वेळाने."

"थोड्या वेळाने नको."

सिस्टरने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं आणि पडदा सरकवला. काकू आल्या. त्यांचं तोंड पार उतरलं होतं. काय सांगायचं होतं ते काकांना आता आठवेना, आणि काकूंनी विचारलंही नाही. त्या फक्त सिस्टरला म्हणाल्या, "मला दाखवा कशी बघायची ते." सिस्टरने त्यांची तीन बोटं धरून काकांच्या मनगटावर बरोबर जागी ठेवली.

निरोप मिळून सहाच्या सुमारास मुलगा पोचला. घाईघाईने आत आला तो बोलण्याच्या तयारीनेच आला होता. खाटेवर बाबा आणि स्टुलावर आई, असं उलटं चित्र बघून तो जागीच थांबला. डॉक्टरीणबाईंनी त्याला सगळं सांगितलं. तीन दिवस इथेच ठेवावं लागेल, मग पुढचं बघू, असं म्हणाल्या.

"तीन दिवस?" मुलगा म्हणाला.

"तीन दिवस ठेवल्याशिवाय ह्यांनी तरी कुणाचं कधी परत दिलंय?" काकू म्हणाल्या. "ठेवा."

मुलाने कपाळ पुसलं. तो बराच वेळ वडिलांच्या छातीवरच्या तारांकडे बघत होता. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आई, आता तर प्रश्नच नाही. तू माझ्याबरोबर चल. उद्या ताई येऊन तुला घेऊन जाईल. बाबांना सोडलं की मी त्यांना माझ्याकडे नेतो. हे आपलं ठरलेलंच होतं."

यंत्रावर एक ठोका चुकला. काकांनी डोळे मिटले. हेच व्हायचं होतं आणि ते आपल्याच हाताने केलं, एवढंच त्यांना कळत होतं.

"ठरलेलं होतं ते विनाकारण आलो तर," काकू म्हणाल्या. त्यांनी बोटं उचलली नव्हती आणि मुलाकडे बघितलंही नव्हतं. "ह्यांनी मला अकरा वेळा इथे आणलं. ते बाहेर बसले, कुणाकुणाचं ऐकून घेतलं, तुझंही ऐकून घेतलं. मी आज पहिल्यांदाच त्यांच्यासाठी बसलेय. माझ्या अजून दहा बाकी आहेत. त्या झाल्या की ये मला न्यायला."

मुलगा उभाच राहिला. सिस्टर कुठूनशी दुसरं स्टूल घेऊन आली आणि त्याच्या मागे ठेवलं, तेव्हा तो बसला. पुढे काय ठरलं ते त्या संध्याकाळी तरी कुणी बोललं नाही.

काकूंची नजर काकांच्या मनगटावर होती. स्वतःचा अंगठा त्यांनी लांब धरला होता, टेकला तर चटका बसेल असा.

"आत्ता एक चुकला का हो?" त्यांनी विचारलं.

"चुकला."

काकूंनी श्वास रोखला. काकांनीही रोखला.

"आला," त्या म्हणाल्या, आणि पुढचा मोजायला लागल्या.